पाळी गेल्यानंतरचे हार्मोन उपचार आणि स्तनाचा कर्करोग : सोलापूरमधील स्त्रियांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाळी जाण्याच्या सुमारास हार्मोनच्या गोळ्यांचा विषय निघाला की बहुतेक स्त्रियांच्या तोंडी पहिला प्रश्न कर्करोगाचा असतो, आणि तो रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर सर्वांसाठी एकच नाही. कोणते हार्मोन, गर्भाशय आहे की काढलेले, वय किती आणि उपचार किती वर्षे चालणार, यांवर ते ठरते. खालील उत्तरे डॉक्टरांशी बोलण्यापूर्वी वाचावीत, त्यांच्या सल्ल्याऐवजी नव्हे.

हार्मोन उपचार म्हणजे नेमके काय?

सलग बारा महिने पाळी आली नाही, म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे मानतात. भारतीय स्त्रियांमध्ये हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी घडते. युरोप-अमेरिकेत ते सुमारे ५१ आहे. बीजाशयांत (अंडाशयांत) तयार होणारे इस्ट्रोजेन त्या सुमारास झपाट्याने घटते आणि त्यातून अंगातून वाफा निघणे, रात्री घामाने कपडे भिजणे, झोप मोडणे, योनीमार्गात कोरडेपणा येणे, हाडे ठिसूळ होणे असे त्रास सुरू होतात. कमी पडलेले इस्ट्रोजेन गोळी, जेल किंवा पट्टीच्या रूपाने देणे म्हणजे हार्मोन उपचार. गर्भाशय असेल तर त्यासोबत प्रोजेस्टेरॉन द्यावेच लागते, कारण एकट्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाचे अस्तर वाढत जाते आणि त्याचा कर्करोग होऊ शकतो.

एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या वर जाणाऱ्या सोलापुरात, पत्र्याच्या छताखाली यंत्रमागावर किंवा टॉवेलच्या शिलाईवर काम करणाऱ्या बाईला या वाफांचा त्रास किती होत असेल, याची कल्पना वातानुकूलित दवाखान्यात बसून येत नाही. ‘वय झाले, सोसायचे’ असे म्हणून तिची बोळवण करणे योग्य नाही.

या उपचारांनी स्तनाचा कर्करोग होतो का?

इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन एकत्र काही वर्षे घेतल्यास स्तनाच्या कर्करोगाची शक्यता थोडी वाढते, आणि ही वाढ घेतलेल्या वर्षांबरोबर वाढत जाते. एकटे इस्ट्रोजेन घेतल्यास वाढ फारच कमी दिसते, काही अभ्यासांत तर मुळीच दिसत नाही. एक वर्षाहून कमी काळ घेतल्यास वाढ नगण्य असते.

‘थोडी’ म्हणजे किती, हे आकड्यांतच पाहावे लागते. जगभरातील ५८ अभ्यास आणि स्तनाचा कर्करोग झालेल्या एक लाखाहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र करून २०१९ मध्ये एक मोठे विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यानुसार कधीही हार्मोन न घेतलेल्या १०० स्त्रिया घेतल्या, तर ५० ते ६९ या वयात त्यांपैकी सुमारे ६.३ जणींना हा कर्करोग होतो. वयाच्या ५० व्या वर्षापासून पाच वर्षे दोन्ही हार्मोन रोज घेणाऱ्यांत हे प्रमाण ८.३ होते, म्हणजे ५० जणींमागे एक अधिक. प्रोजेस्टेरॉन महिन्यातले काही दिवसच घेतल्यास ते ७.७ आणि एकटे इस्ट्रोजेन घेतल्यास ६.८ होते, म्हणजे या शेवटच्या गटात २०० जणींमागे एक अधिक. उपचार दहा वर्षे चालले तर ही अधिकची भर साधारण दुप्पट होते. औषध थांबवल्यावर धोका कमी होऊ लागतो, पण दीर्घकाळ घेतले असल्यास त्याचा काही अंश दहा वर्षांहून अधिक काळ राहतो. ही शेवटची बाब डॉक्टरही पुष्कळदा सांगायची विसरतात, म्हणून ती येथे मुद्दाम नोंदवली आहे.

मग २००२ पासून एवढी भीती का पसरली?

त्या वर्षीच्या जुलैमध्ये अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या चाचणीचा एक भाग मुदतीआधी थांबवण्यात आला. त्यात गर्भाशय असलेल्या १६,६०८ स्त्रियांपैकी निम्म्यांना दोन्ही हार्मोनची गोळी आणि निम्म्यांना औषध नसलेली गोळी दिली होती. सरासरी ५.२ वर्षांनंतर औषध घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग २६ टक्के अधिक दिसला. वृत्तपत्रांनी हा २६ आकडा मथळ्यात घेतला आणि जगभर लाखो स्त्रियांनी गोळ्या बंद केल्या. प्रत्यक्षात १०,००० स्त्रियांमागे दरवर्षी ३० ऐवजी ३८ जणींना कर्करोग झाला होता, म्हणजे आठ अधिक. दोन्ही आकडे खरे आहेत; पण बाईला निर्णय घेण्यासाठी दुसरा आकडा लागतो आणि तोच तिच्यापर्यंत पोहोचला नाही.

आणखी दोन गोष्टी मागे पडल्या. चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, म्हणजे ज्या वयात वाफांसाठी उपचार सुरू करतात त्याहून दहा-बारा वर्षे अधिक. शिवाय त्यात घोडीच्या मूत्रापासून काढलेले इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन ही कृत्रिम जात वापरली होती. आज सर्वत्र हीच औषधे वापरतात असे नाही. याच चाचणीच्या दुसऱ्या भागात गर्भाशय काढलेल्या १०,७३९ स्त्रियांपैकी सुमारे निम्म्यांना एकटे इस्ट्रोजेन दिले होते. त्यांच्यात पक्षाघाताचे प्रमाण वाढले आणि २००४ मध्ये तो भागही थांबवला गेला, पण स्तनाचा कर्करोग मात्र वाढला नाही. २०२० मध्ये आलेल्या दीर्घ पाठपुराव्यात तो उलट कमी आढळला. निरीक्षणावर आधारलेले अभ्यास मात्र एकट्या इस्ट्रोजेननेही किंचित वाढ दाखवतात. या दोहोंतील तफावत अजून पूर्णपणे मिटलेली नाही, म्हणून ‘एकटे इस्ट्रोजेन म्हणजे स्तनांचे रक्षण’ असा निष्कर्ष कोणी काढू नये.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या औषधांवरील काळ्या चौकटीतील बहुतेक इशारे काढण्याची प्रक्रिया जाहीर केली. ही बातमी मोबाइलवर ‘हार्मोन आता पूर्ण सुरक्षित’ अशा मथळ्याने फिरली. इशारा लिहिण्याची पद्धत बदलली म्हणून वरचे आकडे बदलत नाहीत.

हे आकडे विलायतेचे. आपल्या जिल्ह्यात काय?

आपल्या जिल्ह्याला याबाबतीत एक अभिमानाची जागा आहे. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीत सुरू झाली आणि नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलाच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून ती उभी केली. त्या नोंदींतून दिसते की बार्शी भागातील खेड्यांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण मुंबई-पुण्यापेक्षा पुष्कळ कमी आहे. देशपातळीवरील नोंदींनुसार आयुष्यात साधारण २९ स्त्रियांमागे एकीला हा कर्करोग होतो, तर अमेरिकेत आठांमागे एकीला.

मूळ धोका कमी असल्यावर हार्मोनमुळे पडणारी प्रत्यक्ष भरही कमी असते. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आपल्याकडे हा कर्करोग पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षे लवकर, म्हणजे ऐन पाळी जाण्याच्या वयात होतो, आणि गाठ मोठी झाल्यावरच रुग्ण येतात. त्यामुळे औषध सुरू करण्यापूर्वी स्तनांची तपासणी झालीच पाहिजे, हा आग्रह येथे अधिक महत्त्वाचा ठरतो.

माझी पिशवी तिशीतच काढली आहे. मला हार्मोन घेणे धोक्याचे आहे का?

हा प्रश्न या पानावरील सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण ऊसतोडीला जाणाऱ्या आणि शेतमजुरी करणाऱ्या कुटुंबांत पस्तिशीच्या आतच पिशवी काढलेल्या स्त्रिया आपल्या भागात पुष्कळ भेटतात. जवळच्या बीड जिल्ह्यातील अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला होता.

सर्वप्रथम, पिशवीबरोबर बीजाशयेही काढली का, हे कळले पाहिजे. पुष्कळ जणींना ते सांगितलेलेच नसते. डिस्चार्ज कार्ड किंवा काढलेल्या भागाचा तपासणी अहवाल घरी असेल तर तो घेऊन यावा. नसेल तर ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली तेथून मागावा, तो मागण्याचा आपला हक्क आहे. बीजाशये शिल्लक असतील तर पाळी बंद झाली तरी हार्मोन तयार होत राहतात, जरी ती इतरांपेक्षा थोडी लवकर थकतात.

दोन्ही बीजाशये ४५ व्या वर्षाआधी काढली असतील, तर शरीर एका दिवसात रजोनिवृत्तीत ढकलले जाते. अशा स्त्रीची हाडे लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. तिला इस्ट्रोजेन देणे म्हणजे त्या वयात शरीरात असायलाच हवे होते ते परत देणे होय. म्हणून कर्करोग किंवा अन्य ठोस अडचण नसेल, तर नैसर्गिकपणे पाळी जाण्याच्या वयापर्यंत तिने हार्मोन घ्यावेत, असाच सल्ला जगभरातील तज्ज्ञ संस्था देतात. ५० ते ६९ वयोगटाचे वरील आकडे तिला लागू होत नाहीत. तिच्याच वयाच्या, पाळी चालू असलेल्या स्त्रीपेक्षा तिचा स्तनकर्करोगाचा धोका या काळात अधिक होत नाही. गर्भाशय नसल्याने तिला बहुधा एकटे इस्ट्रोजेन पुरते. पूर्वी एंडोमेट्रिओसिसचा, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर बाहेरही वाढण्याचा, आजार असल्यास मात्र प्रोजेस्टेरॉनही जोडावे लागू शकते.

पन्नाशीनंतरच्या बाईसाठी असलेली भीती या तरुण स्त्रियांना सरसकट लावली जाते आणि त्यांना कॅल्शियमच्या गोळ्या देऊन घरी पाठवले जाते, हे आमच्या मते मोठे नुकसान आहे. आपल्या घरात अशी मुलगी, सून किंवा भावजय असेल तर तिला हा भाग अवश्य वाचून दाखवा.

प्रोजेस्टेरॉनच्या प्रकाराने फरक पडतो का?

पडतो, असे दिसते. फ्रान्समधील शिक्षिकांच्या मोठ्या अभ्यासात नैसर्गिक रचनेचे प्रोजेस्टेरॉन घेणाऱ्यांमध्ये पहिल्या काही वर्षांत स्तनकर्करोगाची वाढ आढळली नाही आणि डायड्रोजेस्टेरॉनबरोबरही ती कमी होती; अन्य कृत्रिम प्रकारांत वाढ स्पष्ट होती. ही दोन्ही औषधे भारतात सहज मिळतात. त्यामुळे चिठ्ठीवर कोणते प्रोजेस्टेरॉन लिहिले आहे आणि तेच का, असे डॉक्टरांना विचारण्यात गैर काही नाही.

इस्ट्रोजेन गोळीऐवजी जेल किंवा पट्टीने घेतल्यास रक्ताच्या गुठळीचा धोका कमी राहतो, हे वजन अधिक असलेल्या स्त्रियांसाठी विशेष उपयोगी आहे. स्तनकर्करोगाच्या बाबतीत मात्र गोळी आणि जेल यांत मोठा फरक दिसलेला नाही.

फक्त कोरडेपणासाठी आत लावायचे मलम दिले आहे. त्यानेही धोका वाढतो का?

नाही. त्यातील इस्ट्रोजेन रक्तात फारच थोडे उतरते आणि मोठ्या अभ्यासांत त्याने स्तनकर्करोग वाढल्याचे दिसलेले नाही. लघवीची जळजळ आणि वारंवार होणारा संसर्गही त्याने कमी होतो. संकोचामुळे हा त्रास वर्षानुवर्षे अंगावर काढू नये.

माझ्या आईला स्तनाचा कर्करोग झाला होता. मी घेऊ शकते का?

आई किंवा बहीण यांपैकी एकीला उतारवयात हा आजार झाला असेल, तर तेवढ्याने दार बंद होत नाही. मूळ धोका अधिक असल्याने विचार अधिक काळजीने करावा लागतो. दोन-तीन नातेवाइकांना झाला असेल, कोणाला चाळिशीच्या आत झाला असेल, किंवा घरात बीजाशयाचाही कर्करोग असेल, तर आधी ‘बीआरसीए’ जनुकांच्या (ज्यांतील दोषाने स्तन व बीजाशयाच्या कर्करोगाचा धोका पुष्कळ वाढतो) तपासणीबद्दल कर्करोगतज्ज्ञांशी बोलावे आणि मगच हार्मोनचा निर्णय घ्यावा.

मला स्वतःला स्तनाचा कर्करोग होऊन गेला आहे.

मग गोळी, जेल किंवा पट्टीच्या रूपातील हार्मोन घेऊ नयेत. स्वीडनमध्ये सुरू झालेली एक चाचणी २००३ मध्ये थांबवावी लागली, कारण हार्मोन घेणाऱ्यांत कर्करोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण स्पष्टपणे अधिक दिसले. टिबोलोन या औषधाच्या चाचणीतही तसेच आढळले. आत लावायच्या मलमाचा प्रश्नसुद्धा कर्करोगतज्ज्ञांना विचारूनच सोडवावा.

पण कर्करोगाच्या रुग्णांनाही पाच वर्षे ‘हार्मोनच्या गोळ्या’ देतात ना?

त्या गोळ्या नेमक्या उलट काम करतात. टॅमॉक्सिफेन स्तनातील इस्ट्रोजेनचे काम रोखते, तर लेट्रोझोलसारखी औषधे शरीरात इस्ट्रोजेन तयारच होऊ देत नाहीत. वाफांसाठीच्या गोळ्या याच समजून एखादी शेजारीण आपल्या गोळ्या दुसरीला देते, किंवा टॅमॉक्सिफेनवर असलेली बाई ‘हार्मोन वाईट’ असे ऐकून ती मध्येच बंद करते. या दुसऱ्या गैरसमजाने जीव जाऊ शकतो. कर्करोगासाठी दिलेली गोळी कर्करोगतज्ज्ञांनी सांगितल्याशिवाय थांबवू नये.

वजनाचा याच्याशी काय संबंध?

पाळी गेल्यानंतर बीजाशये थांबली तरी चरबीच्या पेशी इतर हार्मोनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करत राहतात. म्हणून पन्नाशीनंतरची स्थूलता हे स्तनकर्करोगाचे मोठे कारण आहे. इंग्लंडमध्ये डॉक्टर रुग्णांना दाखवतात त्या तक्त्यानुसार ५० ते ५९ या वयात १,००० स्त्रियांमागे २३ जणींना हा कर्करोग होतो. दोन्ही हार्मोन घेतल्याने त्यात चारची भर पडते, तर स्थूलतेमुळे २४ ची, आणि आठवड्याला अडीच तास व्यायामाने सात कमी होतात. गोळीची धास्ती घेणाऱ्या पण वाढत्या वजनाकडे दुर्लक्ष करणाऱ्या प्रत्येकीने हे तीन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

वारीसाठी किंवा घरच्या पूजेसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतल्या. त्याने कर्करोग होतो का?

आषाढीच्या आधी औषध दुकानांत या गोळ्यांची विचारणा वाढते, म्हणून हे स्पष्ट करणे आवश्यक आहे. त्यात बहुधा नॉरएथिस्टेरॉन असते आणि ते काही दिवसच घेतले जाते. वर्षानुवर्षांच्या हार्मोन उपचारांशी त्याची तुलना होऊ शकत नाही. मात्र ज्यांना पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली आहे, यकृताचा आजार आहे किंवा स्तनाचा कर्करोग झालेला आहे, त्यांनी त्या घेऊ नयेत. चाळिशीनंतर पाळी अनियमित झाली असेल तर ती या गोळ्यांनी दाबत राहण्यापेक्षा तिचे कारण शोधावे. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात तपासणी करावी.

जवस, सोयाबीन किंवा ‘नैसर्गिक’ औषधे चालतील का?

जेवणातील जवसाची चटणी किंवा सोयाबीन खाल्ल्याने स्तनकर्करोग वाढत नाही; वाफांवर त्यांचा परिणाम मात्र थोडाच होतो. डबीत मिळणाऱ्या चूर्ण-गोळ्यांचे तसे नाही. त्यांत काय आणि किती आहे हे लिहिलेले नसेल तर त्या घेऊ नयेत, विशेषतः कर्करोगाचे औषध चालू असताना.

हार्मोन नको असतील तर दुसरा उपाय आहे का?

आहे. व्हेनलाफॅक्सिन, गॅबापेंटिन यांसारखी औषधे वाफा बऱ्यापैकी कमी करतात, आणि विचार व झोपेच्या सवयींवर काम करणारी समुपदेशनाची पद्धतही उपयोगी पडते. पॅरॉक्सेटिनही या त्रासावर चालते, पण ते टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करते, म्हणून ते दोन्ही एकत्र घेऊ नयेत. इस्ट्रोजेनइतका परिणाम यांपैकी कशाचाच नाही, हेही खरे.

सुरू करण्यापूर्वी कोणत्या तपासण्या कराव्यात?

डॉक्टरांनी हाताने केलेली स्तनांची तपासणी, मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे), रक्तदाब, वजन आणि घरातील आजारांची पूर्ण चौकशी एवढे झालेच पाहिजे. गर्भाशय असल्यास सोनोग्राफीही करतात. दोन्ही हार्मोन घेत असताना स्तनाची घनता वाढते आणि मॅमोग्राफीत लहान गाठ लपू शकते, म्हणून औषध चालू असल्याचे तपासणी करणाऱ्यांना आधीच सांगावे. हे सर्व न करता दुकानातून मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून गोळ्या आणणे घातक आहे, कारण गर्भाशय असलेल्या बाईच्या हाती एकट्या इस्ट्रोजेनची पाकिटे पडण्याचा मार्ग बहुधा हाच असतो.

मॅमोग्राफीचा खर्च परवडत नसेल, तरी हाताने केलेली तपासणी कमी समजू नये. टाटा मेमोरियलने मुंबईतील सुमारे दीड लाख स्त्रियांवर १९९८ पासून वीस वर्षे केलेल्या चाचणीत, प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासलेल्या स्त्रियांत कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशीपुढील गटात त्याने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. सरकारी कार्यक्रमानुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची अशी तपासणी आरोग्य केंद्रांत विनामूल्य करायची असते, आशाताईंना विचारावे.

किती वर्षे घ्यावेत आणि थांबवायचे कसे?

वय ६० च्या आत असेल किंवा पाळी जाऊन दहा वर्षे झाली नसतील, तेव्हा सुरू केल्यास लाभ-हानीचे पारडे अनुकूल असते. त्यानंतर नव्याने सुरू करणे सहसा टाळतात. केवळ हृदयाच्या संरक्षणासाठी ते घेऊ नयेत. किती वर्षे, याला एक ठरलेला आकडा नाही. दरवर्षी डॉक्टरांना भेटून त्रास अजून आहे का, मात्रा कमी करता येईल का, हे पाहावे. हळूहळू कमी करत थांबवले तरी चालते आणि एकदम थांबवले तरी. काही जणींना वाफा पुन्हा जाणवतात आणि त्या बहुधा काही महिन्यांत ओसरतात.

औषध चालू असताना स्तनात गाठ लागली तर?

गोळ्या थांबवून त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. गाठ दुखत नाही म्हणून थांबू नये; कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. कातडी आत ओढली जाणे, बोंडातून रक्तासारखा स्राव येणे, काखेत गाठ लागणे यांनाही हेच लागू होते. सोलापुरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे सिव्हिलमध्ये, शल्यचिकित्सा विभागात दाखवता येते आणि बार्शीचे कर्करोग रुग्णालयही जिल्ह्यातच आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे, त्यासाठी शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत न्यावे. जाताना चालू असलेल्या हार्मोनचे पाकीट आणि पूर्वीच्या शस्त्रक्रियेची कागदपत्रेही न्यावीत.